आसन आणि चूल: फ्लॅटमधला गृहस्थधर्म

घरातली बैठक कशी असावी आणि स्वयंपाकघर कुठे असावे, हा प्रश्न भारतीय परंपरेने केवळ सोयीचा कधीच मानला नाही. पाहुणा जिथे टेकतो आणि अन्न जिथे शिजते, त्या दोन जागांवर गृहस्थाश्रमाचा बराचसा आचार उभा आहे. या विचाराचे परंपरेत दोन प्रवाह दिसतात. एक वास्तुशास्त्राचा: तो दिशा, कोपरे आणि देवतांची स्थाने सांगतो. दुसरा धर्मशास्त्राचा, उपनिषदांचा आणि संतांचा: घरात कोणाला बसवले, कोणाला जेवू घातले आणि कोणाच्या कष्टावर ते जेवण उभे राहिले, हे तो विचारतो. नवे घर घेताना पहिल्या प्रवाहाची चौकशी कसून होते. दुसरा बहुधा विचारातच घेतला जात नाही. घराचे धार्मिकपण ठरते मात्र दुसऱ्यावर.

शीळफाट्याच्या परिसरात हा प्रश्न आज जितका रोकडा आहे तितका क्वचित कुठे असेल. जुना मुंबई–पुणे रस्ता आणि कल्याण–शीळ रस्ता इथे मिळतात. एका बाजूला मुंब्रा-कौसा, दुसऱ्या बाजूला महापे, खाली तळोजा-पनवेलची वाट आणि कल्याणच्या दिशेने देसई, पडले, खिडकाळी, काटई अशी जुनी आगरी गावे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा बुलेट ट्रेनचा 21 किलोमीटरचा बोगदा इथेच संपतो. ज्या शेतांत भात पिकत होता तिथे आता वीस-वीस, तीस-तीस मजल्यांचे मनोरे आहेत. लालबाग-परळच्या चाळीतून, डोंबिवलीच्या जुन्या इमारतींतून, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे या मनोऱ्यांत पहिले स्वतःचे घर घेतात. सॅम्पल फ्लॅट पाहताना पुष्कळांच्या हातातल्या मोबाइलवर होकायंत्र उघडलेले असते.

होकायंत्रामागची परंपरा जुनी आणि आदरणीय आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला भांडीकुंडी आणि सामानसुमान, वायव्येला धान्य व धन, अशी वाटणी त्यात सांगितली आहे. आग्नेय दिशेचा स्वामी अग्नी, म्हणून चूल तिथे. मत्स्यपुराणात वास्तुपुरुषाची कथा येते. अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक महाकाय प्राणी जन्मला, तो सगळे गिळायला निघाला, तेव्हा देवांनी त्याला पालथा पाडला आणि जो देव ज्या अंगावर बसला ते त्याचे स्थान झाले. भूमीचे 81 किंवा 64 चौकोन करून त्यांवर हा पुरुष कल्पायचा आणि घराची आखणी त्याच्या मर्मस्थानांना जपून करायची, असा तो विधी. अकराव्या शतकात भोजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधारात हीच विद्या नगररचनेपर्यंत वाढलेली दिसते. माणूस जमीन अडवून घर बांधतो तेव्हा तो कोणाच्या तरी अंगावर राहत असतो आणि त्याने जपून राहावे, हा या कथेचा गाभा आजही मोलाचा आहे.

अडचण येते ती मनोऱ्यात. या सगळ्या ग्रंथांचा घटक भूखंड आहे. आधी मातीची परीक्षा, मग खड्डा, मग सूत्र धरून आखणी. एका भूखंडावर शंभर कुटुंबे एकावर एक राहतील ही कल्पनाच त्यांत नाही. मग वास्तुपुरुष कोणाचा? इमारतीचा, मजल्याचा की प्रत्येक सदनिकेचा? सल्ला देणारे कधी एक धरतात, कधी दुसरे. त्यात भूमितीचीही एक गाठ आहे. लिफ्टच्या दोन्ही अंगांना आरशातल्या प्रतिबिंबासारखे आराखडे काढणे ही बांधकामाची सर्रास रीत आहे, कारण पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ एकाच शाफ्टमधून नेता येतात. पश्चिमेकडच्या सदनिकेचे स्वयंपाकघर आग्नेयेला आले, की तिच्या पूर्वेकडच्या जोडीदारणीचे नैर्ऋत्येला जाते आणि दक्षिणेकडच्या सदनिकेचे ईशान्येला. चौघांच्या मजल्यावर आग्नेय चूल एकाच्याच वाट्याला येऊ शकते. उरलेली तीन कुटुंबे दोषात राहतात असे मानायचे असेल, तर दोष रहिवाशांकडे येत नाही. नळांच्या काटकसरीने ठरलेली ती गोष्ट आहे. धर्माचे बंधन पाळणे माणसाच्या हाती असावे लागते. जे त्याच्या हाती नाही त्याचे पाप त्याच्या माथी मारणे कोणत्याही शास्त्राला शोभत नाही. आग्नेयेची चूल मिळाली तर आनंदाने घ्यावी. ती मिळाली नाही म्हणून भिंती फोडणे, शेगडी खिडकीच्या झोतात आणून ठेवणे किंवा कर्ज वाढवून दुसरा फ्लॅट घेणे यांत धर्म नाही.

वास्तुशांतीच्या वेळी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरण्याची महाराष्ट्रातली रीत फ्लॅटमध्येही चालू आहे. स्लॅब खणता येत नाही, म्हणून एखादी फरशी उचलून ती खाली बसवतात. पुरोहितवर्गाने हा बदल सहज स्वीकारला. यावरून विधीचे मर्म स्थळाच्या बारकाव्यांत अडकलेले नसते, हे परंपरेला स्वतःलाच ठाऊक आहे असे दिसते.

दुसरा प्रवाह अधिक कठोर आहे आणि त्याला सबब चालत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच वधस्थानांची गणना आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या जगण्यात या पाच जागी नकळत जीव मरतात आणि त्याचे ऋण गृहस्थावर चढते. ते फेडायला पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांना आहुती, प्राणिमात्रांना बळी म्हणजे अन्नाचा वाटा, आणि अतिथीचा सत्कार. म्हणजे स्वयंपाकघर ही या विचाराने मुळातच पवित्र जागा नव्हे. ती ऋण चढण्याची जागा आहे, आणि फेड होते ती अन्न वाटून. केवळ स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही सांगितले आहे. चुलीची दिशा बरोबर असली तरी वाटा निघाला नाही तर हिशेब चुकतोच.

बैठकीविषयी त्याच अध्यायात एक फार सुंदर विचार आहे. गवताचे का होईना आसन, टेकायला जागा, पाणी आणि गोड शब्द, या चार गोष्टी भल्या माणसाच्या घरी कधीच संपत नाहीत. अन्न नसेल, पैसा नसेल, पण या चार असतातच. षोडशोपचार पूजेतही क्रम असाच आहे. देवाचे आवाहन झाले की लगेच आसन, मग पाय धुवायला पाणी, मग बाकीचे उपचार, आणि नैवेद्य कितीतरी नंतर. आलेल्याला आधी बसवायचे, ही देवालाही लागू असलेली रीत आहे. कठोपनिषदातला यम घरी नव्हता म्हणून नचिकेत तीन रात्री त्याच्या दारात उपाशी राहिला. मृत्यूच्या देवतेलाही त्याची भरपाई तीन वर देऊन करावी लागली.

आगरी गावांतल्या आणि कोकणातल्या जुन्या घरांत हे आसन ओटीवर असे. अंगणातून पायरी चढली की ओटी, तिच्यावर झोपाळा किंवा घोंगडी, पुढे माजघर, आणि सर्वांत आत चूल. फ्लॅटमध्ये ओटी गेली, हॉल आला. साधारण दहा बाय चौदा फुटांच्या त्या खोलीत सोफा टीव्हीसमोर लावण्याची पद्धत पडली, आणि पाहुणे एका ओळीत बसून एकाच भिंतीकडे पाहू लागले. बोलणाऱ्याला मान वळवून बोलावे लागते. बैठक आखताना पहिला विचार चेहऱ्यांचा हवा. दोन बसण्याच्या जागा काटकोनात किंवा समोरासमोर आणि त्यांच्यात सहा ते आठ फुटांहून जास्त अंतर नको, म्हणजे आवाज न चढवता बोलता येते. टीपॉय आणि सोफा यांत दीड फूट, ये-जा करायच्या वाटेला तीन फूट मोकळे. बैठकीची उंची 16 ते 18 इंच. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी निदान एक खुर्ची अठरा इंची, कडक गादीची आणि हातांची हवी. खोल, मऊ सोफ्यातून त्यांना उठता येत नाही, आणि उठता येत नाही म्हणून ते हॉलमध्ये बसणेच सोडतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत ढकलणारी बैठक कितीही देखणी असली तरी ती चुकलेली आहे. एका खोलीच्या घरात दिवाण सोफ्यापेक्षा बरा, कारण रात्री मुक्कामाला राहणाऱ्याची त्यावर सोय होते. दिवा किंवा डोंबिवली स्टेशनवरून धडपड करून कोणी शीळफाट्यापर्यंत आला, तर त्याला रात्री परत धाडणे कठीणच असते. एक सतरंजी आणि चार आसने कपाटात असली की पंगतही बसते.

बैठकीचा खरा धर्मप्रश्न मात्र इंचांत मोजला जात नाही. तो आहे, या आसनावर कोण बसू शकतो. महाराष्ट्राला हा प्रश्न चांगला ओळखीचा आहे. 1890 साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झाले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आजच्या मनोऱ्यात ग्रामण्य कोणी करत नाही. तरी घरकाम करणारी बाई सोफ्यावर टेकत नाही, तिचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो, नळ दुरुस्त करणाऱ्याला पाणी स्टीलच्या ठरावीक पेल्यातून मिळते, आणि पार्सल आणणारा मुलगा चौदा मजले चढून आला तरी दारातच उभा राहतो. काही सोसायट्यांत त्यांची लिफ्टही निराळी असते. घरे भाड्याने देताना मासे-मटण खाता का, हे विचारले जाते. मासळी हेच ज्यांचे अन्न त्या आगरी-कोळ्यांच्या जमिनीवर हा प्रश्न विचारला जावा, हे मनाला लागणारे आहे. आसन, जागा, पाणी आणि गोड शब्द या चौघांना जात किंवा काम विचारण्याची अट जोडलेली नाही. ती अट नंतर माणसांनी जोडली, आणि काही वेळा शास्त्राच्याच नावाने. मनुस्मृतीत इतरत्र ती भरपूर सापडते. म्हणून त्या ग्रंथातले हे वचन घ्यावे आणि विषमतेचा भाग टाकावा, एवढी निवड गृहस्थाने करायलाच हवी.

संतांनी ती निवड केली. एकनाथांनी श्राद्धाचे अन्न दारात आलेल्या भुकेल्या अंत्यजांना आधी वाढले, आणि ब्राह्मण रागावून निघून गेले, ही कथा त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. मांडे भाजायला खापर मिळू नये अशी व्यवस्था विसोबाने केली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले, ही कथा तर चुलीवरच्या बहिष्काराचीच आहे. जनाबाई जात्यावर बसते तेव्हा विठ्ठल दळू लागतो. देव ईशान्येच्या कोपऱ्यातून उठून कष्ट करणारीच्या शेजारी येऊन बसतो, असे वारकरी मन मानते.

स्वयंपाकघराच्या आखणीचा विचार इथून सुरू व्हायला हवा: जिथे कष्ट करणारी व्यक्ती उभी आहे तिथून. जुन्या घरात ते सर्वांत आत असण्याला धूर आणि आगीची भीती हे कारण होते, तसे सोवळेही होते. परक्याची सावली अन्नावर पडू नये, म्हणून चूल आत. आणि चुलीसोबत बाईही आत. पाळीच्या दिवसांत तिलाच तिथे मज्जाव. वन बीएचके फ्लॅटने ही रचना मोडली. बाजूला बसायला बाजूच उरली नाही, आणि सुधारकांनी शंभर वर्षे सांगून जे पूर्ण झाले नव्हते ते चारशे चौरस फुटांनी पुष्कळसे करून टाकले. आता हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंतच नसलेले आराखडे येत आहेत. फोडणीचा ठसका सोफ्यापर्यंत येतो, ही त्यांची अडचण खरी आहे. पण शिजवणारी व्यक्ती गप्पांतून तुटत नाही आणि पाहुण्यालाही कष्ट दिसतात, हा लाभ मोठा आहे. चांगला एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी लावून ही भिंत नसलेलीच बरी.

चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक गॅस आल्यावर उभ्याने होऊ लागला. उभ्याच्या ओट्याचा शास्त्रशुद्ध विचार युरोपात पहिल्या महायुद्धानंतर झाला. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी 1926 साली फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे 1.9 बाय 3.4 मीटरचे स्वयंपाकघर रचले. बाईची पावले आणि वेळ वाचावा हा त्यामागचा हेतू होता. आजच्या छोट्या फ्लॅटमधले स्वयंपाकघर जवळजवळ त्याच मापाचे असते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराला किमान 5 चौरस मीटर आणि 1.8 मीटर रुंदी सांगितली आहे.

एवढ्या जागेत एल आकाराचा ओटा सोयीचा पडतो. कामाचा क्रम ठरलेला असतो: फ्रिज किंवा कोठी, मग सिंक, मग चिरायची जागा, मग शेगडी. ओटा याच क्रमाने मांडावा. सिंक आणि शेगडी यांच्यात निदान दोन फूट सलग जागा हवी. अग्नी आणि पाणी शेजारी नसावेत असे वास्तुशास्त्रही सांगते, आणि तापल्या तेलात पाण्याचा थेंब उडाला तर काय होते हे प्रत्येक घराला माहीत आहे. इथे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. शेगडी खिडकीच्या थेट झोतात नको, पावसाळ्यातल्या नैर्ऋत्य वाऱ्याने ज्योत विझते. ओट्याची उंची साधारण 32 ते 34 इंच ठेवतात. ती शिजवणाऱ्याच्या कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली असावी. पोळ्या लाटताना खांद्यातून जोर द्यावा लागतो, म्हणून पोळपाटाची जागा आणखी दोन-तीन इंच खाली असली तर पाठ आणि मान वाचते. रोज वीस-पंचवीस पोळ्या लाटणाऱ्या बाईला या दोन इंचांचा फरक दहा वर्षांनी कळतो. बिल्डरचा ओटा सगळ्यांना एकच असतो, आणि तो घरातल्या बाईला कधीच विचारून बांधलेला नसतो. ट्रॉल्यांचा रंग ठरवण्याआधी तिची उंची मोजावी. कल्याण-शीळ पट्ट्यात, विशेषतः कल्याण-डोंबिवली महापालिकेतल्या 27 गावांच्या भागात, पाण्याची टंचाई नेहमीची आहे. तिथे पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला ओट्याजवळ, पण पायात न येणारी जागा आधीच राखून ठेवावी.

शिजवणारीने शेवटी, उरलेसुरले, उभ्याने खायचे, ही रीत पुष्कळ घरांत धर्म म्हणून पाळली जाते. मनुस्मृतीत पती-पत्नींनी अतिथी व आश्रितांनंतर जेवावे असे सांगितले आहे. त्यात दोघेही आहेत, एकटी बाई नाही. त्याच जागी नवविवाहिता, मुली, आजारी माणसे आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी, विचार न करता जेवू घालावे असेही म्हटले आहे. हे वचन कीर्तन-प्रवचनांत फारसे ऐकू येत नाही. ते यायला हवे. स्वयंपाकघरात एक उंच स्टूल किंवा भिंतीला दुमडणारी छोटी फळी असली, तर शिजवणाऱ्याला मध्येच टेकता येते. खर्च अगदी थोडा.

याच परिसरात दुसऱ्या धर्मांची घरे अशाच आराखड्यांत वेगळ्या प्रश्नांनी राहतात. मुंब्रा-कौशातल्या मुसलमान कुटुंबांना स्वयंपाकघराची दिशा बंधनकारक नसते. महत्त्वाचा किब्ला, तो इथून पश्चिमेला किंचित उत्तरेकडे येतो. म्हणून हॉलमध्ये चटई अंथरून नमाज पढता येईल एवढी मोकळी जागा ते राखतात, आणि शौचकूप किब्ल्याकडे तोंड करणारे नसावे असा अनेकांचा आग्रह असतो. जेवायला दस्तरखान जमिनीवर पसरतो, म्हणून जड फर्निचर नकोसे होते. रस्सा करताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याला द्यावे, ही पैगंबरांची शिकवण आणि प्राणिमात्रांना आणि अतिथीला वाटा देण्याचा विचार एकमेकांच्या फार जवळ आहेत. बौद्ध घरांत हॉलच्या दर्शनी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर दिशा-मुहूर्ताचा हिशेब त्यांनी जाणीवपूर्वक मागे टाकला, आणि त्यांची घरे काही कमी सुखात नांदत नाहीत. एकाच आराखड्यात तीन श्रद्धा नांदतात. वाईट-चांगले ठरवणारा कोपरा तिघांच्या घरात एक असता, तर हे घडले नसते.

शीळफाट्याने या विषयातला सर्वांत कठोर धडा 4 एप्रिल 2013 रोजी पाहिला. इथली एक बेकायदा इमारत, काम चालू असतानाच आणि आत माणसे राहत असतानाच, कोसळली. 74 जण मेले, त्यांत लहान मुले होती. त्या घरांतल्या चुली कोणत्या कोपऱ्यात होत्या, याला काहीच अर्थ उरला नाही. निकृष्ट बांधकाम करणारा आणि ते चालू देणारा यांनी वास्तूचा केलेला अपराध कोणत्याही दिशादोषापेक्षा मोठा आहे, आणि तो वास्तुशांतीने धुतला जात नाही. मातीची परीक्षा आणि पाया यांना शास्त्राने सर्वांत आधी स्थान दिले होते, हे विसरून फक्त कोपऱ्यांची चर्चा करणे शास्त्राचाही अवमान आहे.

म्हणून या परिसरात घर घेणाऱ्याने होकायंत्र उघडण्यापूर्वी तीन कागद मागावेत: बांधकामाची मंजुरी, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र. त्यानंतर घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत नेऊन ओट्यापाशी उभे करावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला हॉलमध्ये बसवून पाहावे. दिशा त्यानंतर पाहाव्यात.